दहा हजारांचा धाक

(महाड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर आजवर शिवकाल झाला, साहित्य झालं, सावित्रीचा पूर आणि दरडीही झाल्या. यंदा कार्यकर्त्यांनी माझ्या हाती जो विषय दिला तो अगदी रस्त्यावरचा आहे. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याची शिक्षा आणखी कडक केली, तर हा प्रकार कमी होईल का? वकिलाला विचारलं की तो कायद्याच्या बाजूने बोलेल अशी तुमची अपेक्षा असणार. ती मी अर्धीच पुरी करणार आहे. शेवटची एसटी गाठायची असलेल्यांसाठी माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शिक्षेचा आकडा वाढला म्हणून प्यायलेला माणूस गाडीवरून उतरत नाही. आज रात्री, याच रस्त्यावर आपण सापडणार, असं त्याला वाटलं तर तो उतरतो. आणि सापडण्याची खात्री नसताना नुसता आकडा वाढवत गेलं, तर जी थोडीफार खात्री असते तीही पातळ होते. आता हे का म्हणतो, ते सविस्तर.

आधी आपला रस्ता बघू. माणगाव-लोणेरेकडून येणारा मुंबई-गोवा महामार्ग, पूर्वीचा 17 नंबर आणि आताचा 66, महाडवरून पोलादपूरला जातो आणि पुढे कशेडी घाटाला भिडतो. पोलादपूरहून एक फाटा कापड्यावरून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जातो. महाडहून एक रस्ता बिरवाडीकडून वरंध घाटाने भोरला, एक पाचाडला रायगडाच्या पायथ्याशी. या रस्त्यांवर रात्री चार जातींची वाहनं एकमेकांत मिसळतात. एमआयडीसीतले केमिकलचे टँकर आणि ट्रक, चाकरमान्यांच्या आणि गोव्याला निघालेल्यांच्या गाड्या, लक्झरी बसेस, आणि आपल्या वाड्यावस्त्यांवर परतणाऱ्या दुचाक्या. घाट काय करू शकतो हे 28 जुलै 2018 ला आपण पाहिलं आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस आंबेनळीत कोसळली आणि बसमधला एकच माणूस वाचला. त्या अपघाताचा मी दारूशी संबंध जोडत नाही. एवढंच म्हणतो की, या रस्त्यांवर अर्ध्या सेकंदाची चूकसुद्धा माफ होत नाही, आणि दारू नेमका तो अर्धा सेकंद खाते.

किती दारू किती वेळ खाते, याचा हिशेब फारसा कोणी करत नाही. तो आज करू. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 185 प्रमाणे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला की गुन्हा. इंग्रजी दारूच्या बाटलीवर 42.8 टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे 180 मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम शुद्ध मद्यार्क. साठ-पासष्ट किलो वजनाच्या माणसाने ती रिचवली तर रक्तातलं प्रमाण ढोबळमानाने सव्वाशे-दीडशेच्या घरात जातं, कायद्याच्या मर्यादेच्या चौपट-पाचपट. एक लार्ज पेगसुद्धा मर्यादा ओलांडायला पुरतो. यकृत हे सगळं ताशी पंधरा-वीस मिलिग्रॅमच्या गतीने काढून टाकतं. त्याला लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही घाई होत नाही. रात्री बारा वाजता क्वार्टर संपवून झोपलेला माणूस सकाळी सहाच्या पाळीला मोटारसायकलला किक मारतो, तेव्हा तो कायद्याच्या लेखी अजून प्यायलेलाच असू शकतो. तोंडाला वास नसतो, चाल सरळ असते, आणि त्याला स्वतःला शपथेवर विचारलं तरी तो ‘रात्रीची केव्हाच उतरली’ असंच सांगेल.

आता शिक्षेचा इतिहास. 1988 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 3,000 रुपयांपर्यंत दंड होता. 1 सप्टेंबर 2019 पासून दंड पहिल्या वेळी 10,000 आणि पुढे 15,000 झाला. कैदेची मुदत होती तेवढीच राहिली. त्या वर्षी दंडवाढीवरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. हेल्मेट, सीटबेल्ट, परवाना यांच्या तडजोड शुल्काची वाढ आपल्या राज्याने रोखून धरली आणि डिसेंबर 2021 मध्ये लागू केली. कलम 185 मात्र तडजोडीचं कलम नाही. रस्त्यावर पावती फाडून ते मिटत नाही, कोर्टाची पायरी चढावीच लागते. म्हणजे कागदावर हे आपल्या वाहतूक कायद्यातल्या सर्वांत कडक कलमांपैकी एक आहे.

कागदावरचा कडकपणा महाराष्ट्राला नवा नाही. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा घ्या. तो रद्द झालेला नाही, आजही महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने तो चालू आहे आणि त्या कायद्याने दारू प्यायला माणसाजवळ परवाना लागतो. या सभागृहात किती जणांकडे तो आहे, हे मी विचारत नाही. संपूर्ण दारूबंदीच्या काळात शिक्षा होती, छापे होते, आणि गावोगाव हातभट्ट्याही होत्या. साठच्या दशकात सरकारलाच बंधनं सैल करावी लागली. कायदा मोडणारे लाखांनी आणि पकडले जाणारे बोटांवर मोजण्याइतके, असं गणित झालं की शिक्षा कितीही असो, ती नशिबाचा भाग होऊन बसते. सापडला तो बिचारा कमनशिबी, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

कायदा असणं आणि कायदा लागू असणं यांतलं अंतर महाडकरांना कोणी शिकवायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 ला मंजूर झाला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरीही त्या पाण्याला ज्यांचा हात लागू दिला नव्हता, त्यांचा हात लागला तो 20 मार्च 1927 ला, बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसं चालत गेली तेव्हा. तो लढा माणुसकीचा होता, त्याच्याशी मोटार वाहन कायद्याच्या कलमाची बरोबरी मी करत नाही. पण ठरावाची शाई आणि तळ्याचं पाणी यांच्यामध्ये तीन वर्षं गेली, हे ज्या गावाने पाहिलं, त्या गावाने नुसत्या राजपत्रावर विसंबू नये.

मग कलम 185 रस्त्यावर कसं चालतं? रात्रीची नाकाबंदी डोळ्यांसमोर आणा. बॅरिकेड लावलेलं, बॅटरीचा झोत काचेवर. काच खाली येते. ‘साहेब, एकच बिअर.’ शिपाई यंत्राला नवी नळी लावतो. ‘फुंका. जोरात. अजून.’ माणूस गाल फुगवतो आणि श्वास आतल्या आत ठेवतो. पुन्हा फुंकायला लावतात. आकडा येतो, छापील पट्टी बाहेर येते, तिच्यावर सही होते. इथपर्यंत पाच मिनिटं. खरं काम यापुढे सुरू होतं. गाडी ताब्यात घ्यायची तर ती चालवून कोण नेणार? अपघात झाला असेल किंवा माणूस फुंकायला नकार देत असेल, तर त्याला सरकारी दवाखान्यात न्यायचं. तिथे ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी रक्त काढायचं, बाटली सीलबंद करायची, फॉर्म भरायचा. नमुना रासायनिक विश्लेषकाकडे जातो आणि ज्याला आपण सगळे ‘सी. ए. रिपोर्ट’ म्हणतो तो यायची वाट बघायची. अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. घाटात रात्री एक वाजता अपघात झाला, जखमींना बाहेर काढता काढता चार वाजले, तर तेवढ्या वेळात रक्तातले पन्नास-साठ मिलिग्रॅम निघून गेलेले असतात. मर्यादेच्या जरा वर असलेला माणूस त्या तासांत कायद्याने शुद्धीवर येतो.

आणि या सबंध साखळीत प्रत्येक कडी माणसाची आहे. शिपाई याच तालुक्यातला, डॉक्टर याच तालुक्यात प्रॅक्टिस करणारा, पंच म्हणून उभा राहिलेला पानवाला रोज त्याच रस्त्यावर बसणारा. सापडलेला मुलगा कुणाचा तरी भाचा असतो. तेवढ्यात एक फोन येतो. दंड दोन हजार होता तेव्हा तो फोन कमी यायचा, ‘भर बाबा आणि सुट’ म्हणून लोक मोकळे व्हायचे. आज एमआयडीसीत कंत्राटावर असलेल्या पोराचा जवळजवळ महिन्याचा पगार त्या एका पट्टीवर टांगलेला असतो. मग मध्यस्थ उभे राहतात. ‘पोराचं लग्न ठरतंय, मिटवा.’ शिक्षा जितकी जड, तितकी ती टाळण्यासाठी खर्च करायची तयारी जास्त आणि ती लावणाऱ्याचा हातही तितकाच कचरतो. याला मी भ्रष्टाचार एवढंच नाव देणार नाही. त्यात दयाही असते. पण दया आणि लाच दोन्ही त्या पट्टीवरचा आकडा सारख्याच पुसतात.

जे कोर्टापर्यंत पोचतात त्यांचं काय होतं, हे कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात एक सकाळ बसलात तर दिसेल. समन्स निघून, तारखा पडून माणूस उभा राहतो तेव्हा ती रात्र त्याला धड आठवतही नसते. ‘गुन्हा कबूल?’ ‘कबूल, साहेब.’ दंड आणि कोर्ट उठेपर्यंत साधी कैद. म्हणजे मागच्या बाकावर बसायचं, मोबाईल बंद ठेवायचा, संध्याकाळी घरी जायचं. कायद्यात सहा महिने लिहिलेले असले तरी गावात खबर जाते ती या बाकाची. पुढच्या माणसाला धाक बसायचा तो पुस्तकातल्या शिक्षेचा नव्हे, शेजाऱ्याला प्रत्यक्ष झालेल्या शिक्षेचा.

याबद्दल जगभर काय दिसून आलं, ते थोडक्यात सांगतो. इटलीच्या बेक्कारियाने 1764 मध्येच लिहून ठेवलं होतं की, गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षेच्या क्रौर्याने नाही, तिच्या अटळपणाने आणि तत्परतेने. पुढे नॉर्वेने 1936 मध्ये आणि स्वीडनने 1941 मध्ये रक्तातल्या मद्यार्काची मर्यादा घालून सरळ तुरुंगवासाचे कायदे केले. जग त्यांचे दाखले देत राहिलं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ लॉरेन्स रॉस यांनी 1975 मध्ये तिथल्या अपघातांचे आकडे वर्षानुवर्षांच्या क्रमाने तपासले आणि निष्कर्ष मांडला की, त्या कायद्यांमुळे अपघात घटल्याचा पुरावा त्या आकड्यांत दिसत नाही. ब्रिटनची गोष्ट जास्त बोलकी आहे. ऑक्टोबर 1967 मध्ये तिथे रस्त्यावर श्वासाची चाचणी सुरू झाली. बार्बरा कासल तेव्हा वाहतूक मंत्री होत्या. वर्तमानपत्रांनी एवढा गाजावाजा केला की, सुट्टीच्या रात्रीचे अपघात एकदम उतरले. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की, पोलीस वाटले होते तेवढे काही अडवत नाहीत. काही वर्षांत अपघात पुन्हा वर चढले. कायदा तोच, शिक्षा तीच. बदलला होता तो फक्त लोकांच्या मनातला पकडले जाण्याचा अंदाज.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्सने डिसेंबर 1982 मध्ये हे उलट बाजूने धरलं. संशय असो वा नसो, कुणालाही, कुठेही अडवून फुंकायला लावायचं. वर्षाला दर तीन चालकांमागे जवळजवळ एक चाचणी होत गेली. म्हणजे प्रत्येकाच्या ओळखीत नुकताच फुंकून आलेला कोणीतरी असे. प्राणघातक अपघात सुमारे एक-पंचमांशाने घटले आणि ते घटलेलेच राहिले, कारण चाचण्या थांबल्या नाहीत.

‘ते ऑस्ट्रेलिया, इथे कुठलं?’ असं कुणाच्या तरी मनात आलंच असेल. म्हणून राजस्थानचं उदाहरण माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचं. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफलो, ज्यांना पुढे 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी डॅनियल केनिस्टन आणि नीना सिंग यांच्यासह राजस्थान पोलिसांबरोबर एक प्रयोग केला. काही ठाण्यांच्या हद्दीत रात्रीची नाकाबंदी दर वेळी एकाच, सर्वांत चांगल्या जागी. काही ठिकाणी ती तीन जागांमध्ये फिरती, आज कुठे असेल ते कुणाला कळू नये अशी. फिरत्या नाकाबंदीने रात्रीचे अपघात 17 टक्क्यांनी आणि रात्रीचे मृत्यू 25 टक्क्यांनी घटले. एकाच जागी उभ्या राहणाऱ्या नाकाबंदीचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही, कारण लोकांना जागा कळली आणि ते बाजूच्या रस्त्याने जाऊ लागले. आणखी एक गोष्ट दिसली. ठाण्याच्या नेहमीच्या माणसांपेक्षा पोलीस लाईनमधून खास याच कामावर आणलेल्या पथकांनी काम चोख केलं. शिक्षेत एका पैशाचा बदल नव्हता. पोलीस खातं हेच होतं, आपल्यासारखाच देश होता, आणि प्राण वाचले.

आता विरुद्ध बाजू मांडली नाही तर मी वकील कसला? अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात बेंजामिन हॅन्सन यांनी 2015 मध्ये दाखवलं की, मर्यादेच्या जरा वर सापडून कडक शिक्षा झालेले चालक, मर्यादेच्या जरा खाली राहून सुटलेल्या चालकांपेक्षा पुढे कमी वेळा पिऊन गाडी चालवताना सापडले. म्हणजे शिक्षेचा भार अगदीच निरुपयोगी नाही. पण नीट पाहिलं तर हे सगळे आधी पकडले गेलेले लोक आहेत. भार काम करतो तो खात्रीच्या पाठीवर बसून. आपल्या बावस्कर डॉक्टरांनी बिरवाडी-महाडात विंचूदंशावर प्राझोसिन वापरून जगाला जे दाखवलं तेही यासारखंच. औषध तेच, गुण येतो तो ते किती लवकर पोटात गेलं यावर. उशीर झाल्यावर मात्रा दुप्पट करून भागत नाही.

दुसरा आक्षेप मनाचा आहे आणि तो मला जास्त मान्य आहे. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या सात मजुरांना एका मोटारीने चिरडलं. सत्र न्यायालयाने चालकाला सहा महिने दिले, लोक चिडले. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं केली आणि जानेवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण जीव गेले आणि निबंध लिहिण्याची अट घालून अल्पवयीन चालकाला जामीन मिळाला, तेव्हा सबंध महाराष्ट्राचं रक्त उसळलं. त्या संतापाला मी नावं ठेवत नाही. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला शिक्षेचा हक्क आहे. मेलेल्याची किंमत समाज काय करतो, ते शिक्षेतून दिसतं. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा जुन्या दंड संहितेत दोन वर्षांपर्यंत होती, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये ती पाच वर्षांपर्यंत गेली, हे योग्यच झालं. पण हे न्यायाचं काम आहे, आणि न्याय घटना घडून गेल्यावर येतो. बारमधून निघताना चावी फिरवणारा माणूस ‘माझ्या हातून आज कुणी मरणार’ असं समजून निघतच नाही. जे आपल्या बाबतीत घडणारच नाही अशी त्याची खात्री आहे, त्याच्यासाठी पाच वर्षं काय आणि दहा वर्षं काय. कल्याणीनगरच्या प्रकरणात रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला, म्हणजे हल्ला शिक्षेवर झाला नाही, खात्रीवर झाला. पैसा असलेल्यांनाही कळतं की साखळीची कुठली कडी कच्ची आहे.

दंडाच्या सारखेपणाबद्दलही बोललं पाहिजे. दहा हजार रुपये नडगावच्या गवंड्याला आणि आंबेनळीने महाबळेश्वरला निघालेल्या मुंबईच्या मोटारवाल्याला सारखेच. पहिल्याच्या घरी त्याने चूल थंडावते. दुसरा तेवढे हॉटेलच्या एका रात्रीला देतो. फिनलंडमध्ये दंड उत्पन्नाच्या प्रमाणात दिवसांवर मोजतात. 2002 मध्ये नोकियाच्या एका बड्या अधिकाऱ्याला वेगाने मोटारसायकल चालवल्याबद्दल लाखाहून जास्त युरोंचा दंड झाला होता. ती पद्धत इथे उद्या येणार नाही. पण एक शिक्षा श्रीमंत-गरीब दोघांना साधारण सारखी लागते. ती म्हणजे परवाना जाणं. त्यासाठी नवा कायदा नको. सध्याच्या कलम 206 प्रमाणे पोलीस परवाना ताब्यात घेऊन पेणच्या आरटीओकडे निलंबनासाठी पाठवू शकतात. टँकरच्या ड्रायव्हरला तीन महिने बिनपगारी घरी बसणं काय असतं, ते विचारा.

खात्री नसली की चांगल्या हेतूचा हुकूमसुद्धा कसा घरंगळतो, ते आपल्या महामार्गावर आपण पाहिलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2016 ला आदेश दिला की 1 एप्रिल 2017 पासून राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको. वीस हजारांपेक्षा कमी लोकवस्तीच्या गावांना अंतर 220 मीटर. म्हणजे महाडला एक फूटपट्टी, पोलादपूरला दुसरी. राज्यात काही ठिकाणी शहरातून जाणारे महामार्गच पालिकांच्या नावे करून टाकण्यात आले. जुलैत न्यायालयाने पालिका हद्दी वगळल्या, पुढच्या वर्षी ग्रामपंचायतींचाही विचार राज्यांवर सोपवला. बाटली कुठे विकायची याची मोजदाद झाली. प्यायलेला माणूस हँडलवर बसतो का, याची मोजदाद कुणी केली नाही.

मोजदादीचाच विषय निघाला म्हणून सांगतो. 2022 च्या केंद्रीय अहवालात देशभरातले रस्ते अपघाती मृत्यू 1,68,491, त्यांतले दारू-अमली पदार्थांमुळे म्हणून नोंदलेले 4,201. अडीच टक्के. हा आकडा दाखवून ‘दारूचा प्रश्न एवढा मोठा कुठे आहे?’ असं म्हणणारे भेटतात. पण ज्याचं रक्त वेळेत काढलंच नाही, तो अपघात ‘अतिवेग’ या रकान्यात जातो. आपण चाचणी करत नाही, म्हणून सापडत नाही. सापडत नाही, म्हणून नाही असं मानतो.

मग इथे, या दोन तालुक्यांत काय करावं? मी चार गोष्टी सुचवतो.

पहिली, नाकाबंदी फिरती हवी. आज ती कधी असते ते शाळकरी पोरही सांगेल: थर्टी फर्स्ट, गटारी, शिमगा. आणि कुठे असते तेही. समोरून येणारा डिपर मारतो, ग्रुपवर मेसेज पडतो, ‘नाक्यावर मामा आहेत.’ आपल्या डोंगराळ भागाचा एक फायदा आहे, बाजूने निसटायला रस्ते कमी. नांगलवाडी फाटा, बिरवाडी रस्ता, कापडे, कशेडीचा पायथा अशा मोजक्या जागांमध्ये एक पथक तासातासाने हललं तरी पुरे. कुठल्याही मंगळवारी रात्री, आणि आठवड्यातून एकदा पहाटे साडेपाचलाही, कारण क्वार्टरचा हिशेब मी सांगितलाच. पथक तालुक्याबाहेरचं असलं तर भाच्यासाठी फोन करायला नंबरच मिळत नाही.

दुसरी, निकाल लवकर. पट्टी छापल्यापासून पंधरवड्याच्या आत माणूस न्यायाधीशांपुढे उभा राहिला, तर पाच हजारांचा दंडही आजच्या वर्षभरानंतरच्या दहा हजारांपेक्षा जास्त बोचेल. परवान्याचा कागद त्याच आठवड्यात पेणला पोचावा.

तिसरी, जी शिक्षा आहे ती सांगा तरी. दारूच्या अंमलाखाली अपघात केला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा हाती लागत नाही, आणि जखमीला दिलेली भरपाई विमा कंपनी मालकाकडून वसूल करण्यासाठी मागे लागू शकते. ती रक्कम दहा हजार नसते, लाखांत असते, शेतजमिनीवर येते. कलम 185 पेक्षा कितीतरी जड अशी ही शिक्षा आज लागू आहे आणि ती गावात जवळजवळ कुणाला माहीत नाही. माहीतच नसलेल्या शिक्षेचा धाक कसा बसणार?

चौथी, घरी जायची सोय. वस्तीची गाडी संध्याकाळी गावात जाऊन थांबली की वाडीवर परतायला दुचाकीशिवाय काय आहे? हळदीची रात्र असो की बारची बैठक, ज्याच्या घरी कार्य आहे त्याने दोन न पिणारी पोरं आणि एक मिनीडोर आधीच सांगून ठेवावी. मंडपवाल्याला, बँडवाल्याला सांगतोच ना? बारमालकांनीही रात्री दोन रिक्षा दाराशी उभ्या ठेवल्या तर त्यांच्या धंद्यात तोटा यायचा नाही. बायकांनी मतदानाने बाटली आडवी करण्याची तरतूद या राज्यात आहे आणि गावागावांतल्या बायकांनी ती वापरलीही आहे. ज्या बाया दुकान बंद पाडू शकतात, त्या हळदीच्या मंडपातून चाव्याही गोळा करू शकतात.

यांतल्या पहिल्या दोन गोष्टी सरकारच्या हातात आहेत आणि त्यांसाठी दिल्लीत नवा कायदा करावा लागत नाही. जिल्हा पोलीस अधीक्षकांचा एक आदेश आणि रोज मोजलेल्या चाचण्यांची एक वही पुरते. म्हणून पुढच्या अपघातानंतर मोर्चा निघेल, आणि तो निघणारच, तेव्हा निवेदनात ‘फाशी द्या’ असं लिहू नका. लिहा की, गेल्या महिन्यात या तालुक्यात किती जणांना फुंकायला लावलं, किती रात्री, किती ठिकाणी, आणि त्यांतल्या किती जणांचे परवाने पेणला गेले, हे आम्हाला दर महिन्याच्या पाच तारखेला लेखी कळवा. फाशीच्या मागणीला पुढारी टाळ्या वाजवतात, कारण तिच्यासाठी त्यांना काहीच करावं लागत नाही. या चार आकड्यांची मागणी त्यांना अडचणीत आणेल. ती चिकाटीने, महिन्यामागून महिना केली, तर मला वाटतं दहा हजारांचा दंड वाढवायची गरज पडणार नाही.